शिकाऊ उमेदवार आणि कर्मफळ

मोठ्या कारखान्यातला शिकाऊ उमेदवार दिवसभर काम करतो, पण कायद्याच्या लेखी तो कामगार नसतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या १८ व्या कलमाने त्याला प्रशिक्षणार्थी ठरवले आहे. त्यामुळे कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत. आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांपुरता मात्र कायदा त्याला इतरांच्या रांगेत बसवतो. त्याला पगार मिळत नाही, विद्यावेतन मिळते. करारात तसे लिहिलेले नसेल, तर मुदत संपल्यावर त्याला नोकरी देणे कंपनीला बंधनकारक नसते. ज्या मालावर त्याचा हात फिरला त्याच्या विक्रीशी, नफ्याशी किंवा त्या खात्यातल्या कायम जागेशी त्याचा संबंध असा सहीनिशी तोडलेला असतो. फळापासून वेगळे काढलेले हे कर्म म्हणजेच गीतेतले निष्काम कर्म काय, असा प्रश्न इथे उभा राहतो.

उत्तर शोधण्याआधी या कर्माचे स्वरूप पाहायला हवे. फिटरचे शिक्षण सुरू होते ते बहुधा कानशीने. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, एक बाजू सपाट करायची, मग तिच्याशी काटकोनात दुसरी. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला की पट्टी आणि पृष्ठ यांच्यामधून जिथे प्रकाश झिरपतो, तिथे खळगा आहे असे समजायचे. नवख्याचा हात कानस पुढे रेटताना वरखाली डोलतो. कडा झिजतात आणि मधे फुगवटा राहतो. तो घालवायला गेले की माप उतरते. व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंतची चूक दाखवत असल्याने नजरेच्या अंदाजावर भागत नाही. अखेर जॉब मापात बसतो, निदेशक वहीत शेरा मारतो आणि तुकडा भंगारात जातो. तो कोणत्याही यंत्रात बसणार नव्हता, बाजारात विकला जाणार नव्हता. मागे उरते ती हाताला लागलेली सवय.

ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या दुसऱ्या भागात सद्गुण कसा अंगी येतो हे सांगताना कारागिराचेच उदाहरण घेतले आहे. गवंडी बांधकाम करत करतच गवंडी होतो आणि न्यायी माणूस न्यायाने वागत वागत न्यायी होतो, असे त्याचे म्हणणे. त्या अर्थाने शिकाऊच्या कर्माला दोन फळे असतात. एक बाहेर जाते, ते कंपनीचे. दुसरे कर्त्यातच मुरते आणि कोणत्याही कराराला ते काढून घेता येत नाही. निष्काम कर्माची चर्चा करताना या दोन फळांची गल्लत फार होते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ४७ व्या श्लोकाचा हवाला कारखान्यांच्या सभागृहांत हमखास दिला जातो: काम करा, फळाकडे पाहू नका. हा अर्थ सोयीचा आहे, बरोबर नाही. तो श्लोक कर्त्याला उद्देशून आहे. दुसऱ्याच्या कर्माचे फळ घेणाऱ्याला दिलेला तो परवाना नव्हे. आसक्ती सोडायची ती कर्त्याने, आणि सोडण्यासाठी फळावर आधी त्याचा काही हक्क असावा लागतो. अठराव्या अध्यायात त्यागाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे भेद केले आहेत, पण गरजेपोटी केलेल्या सहीला त्याग म्हणण्याची सोय त्यांपैकी कशातच नाही. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) लोकसंग्रहावर जो भर दिला, तोही इथे उलट्या बाजूने लागू पडतो. तिसऱ्या अध्यायात कृष्ण स्वतःचे उदाहरण देतो: मिळवायचे काही उरलेले नसतानाही तो कर्म करतो, कारण लोक श्रेष्ठांचे अनुकरण करतात. म्हणजे निष्कामतेचा भार आधी वरच्यावर पडतो. सभागृहातला उपदेश मात्र नेमाने खालच्या दिशेने वाहतो.

मग शिकाऊच्या कर्मात आध्यात्मिक असे काहीच नाही काय? विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांत याला एक वाट आहे. बाहेरचे काम ते कर्म, त्याला मिळालेली मनाची जोड ते विकर्म, आणि दोन्ही एकवटले की कर्माचे ओझे उरत नाही, ते अकर्म होते, अशी त्यांची मांडणी आहे. एकच कानस दोन मुले मारतात. एकाचे डोळे घड्याळाकडे असतात, दुसऱ्याला हाताखालच्या आवाजावरून कानस लागते की घसरते हे कळू लागलेले असते. बाहेरून कर्म एकच, विकर्म वेगळे.

या मांडणीला सर्वांत गंभीर हरकत घेता येते ती सिमोन वेल या फ्रेंच विदुषीच्या अनुभवावरून. तत्त्वज्ञानाची ही शिक्षिका डिसेंबर १९३४ पासून पॅरिसमधल्या कारखान्यांत मजूर म्हणून राबली. अल्स्टॉममध्ये आणि पुढे रनोमध्ये. पुढच्या काळात ती संस्कृत शिकली आणि गीता तिच्या नित्य वाचनात आली. अवधान हा तिच्या मते प्रार्थनेचा गाभा. पण नगावर मोजल्या जाणाऱ्या कामाची गती अवधानालाच मारते, विचार करू लागलेला मजूर मागे पडतो, हे तिने स्वतः भोगले होते. विनोबा प्रवचने देत होते ती कैद्यांपुढे, म्हणजे परिस्थिती प्रतिकूल असतानाच. तरीही वेलची हरकत टिकते. प्रशिक्षण विभागातल्या व्हाइसपाशी विकर्माला जागा असते. त्याच मुलाला दोन महिन्यांत असेंब्ली लाइनवर उभे केले आणि वर्षभर एकच बोल्ट आवळायला लावला, तर ती जागा जवळपास संपते. दोष मग त्याच्या मनाचा म्हणता येत नाही.

गुरूचा प्रश्नही इथेच येतो. गीतेच्या चौथ्या अध्यायाने ज्ञान मिळवण्याचे तीन मार्ग एकत्र सांगितले आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. मोठ्या कंपनीत पहिला आणि तिसरा आपोआप वसूल होतात. आटतो तो परिप्रश्न, कारण प्रश्नाने लाइन थांबते. अनुभवी ऑपरेटर शेजारी उभा राहून ‘असं धर, अंगठा आत घे’ म्हणतो तेव्हा गुरू असतो. नुसती शिफ्ट भरून काढायला मुले हवी असतात तेव्हा गुरूच्या जागी कोणी नसते. महाभारताच्या आदिपर्वातला एकलव्य इथे आठवावा. द्रोणाने त्याला निषाद म्हणून नाकारले, मातीच्या मूर्तीपुढे तो स्वतःच शिकला, आणि न शिकवलेल्या विद्येची दक्षिणा मात्र उजव्या अंगठ्याच्या रूपाने मागून घेतली गेली.

जन्मावरून विद्या नाकारण्याची ती रीत शिकाऊ उमेदवारीने कागदावर तरी मोडली आहे. सुतार, लोहार, सोनार यांचे कसब एके काळी घराबाहेर जात नसे आणि त्यालाच स्वधर्म म्हटले जाई. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. आज फिटर, टर्नर, वेल्डर हे व्यवसाय आयटीआयच्या गुणवत्ता यादीने वाटले जातात आणि १९६१ च्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या आहेत. स्वधर्माचा अर्थ त्यामुळे जन्माकडून निवडीकडे सरकला. गुणवत्ता यादीतून हाती येणारी निवड बरीचशी योगायोगाची असते, हेही खरे.

उरतो ऋणाचा हिशेब. कंपनीने शिकवले म्हणून शिकाऊ तिचा ऋणी, की त्याच्या श्रमातून ते ऋण आधीच फिटलेले असते? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात म्हटले, की इतर बाबी समान असतील तर थेट भरतीत प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्यावे. पुढे २०१४ च्या दुरुस्तीने, प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांच्या भरतीचे धोरण ठरवणे मालकाला बंधनकारक केले. मात्र धोरणात काय असावे, हे त्याच्याच हाती ठेवले.