गुळाच्या केकचं पुण्य

कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा पाव खा, असं अमेरिकेत सांगत फिरणारा सिल्व्हेस्टर ग्रॅहम डॉक्टर नव्हता. प्रेस्बिटेरियन पंथाचा धर्मोपदेशक होता. १८३७ मध्ये त्याने पाव आणि तो करण्याची रीत यांवर एक प्रबंधच लिहिला. बाजारातल्या भट्टीवाल्यावर त्याचा भरवसा नव्हता. पाव घरच्या आईनेच करावा, कारण पोरांच्या पोटाची काळजी तिलाच, असं त्याचं म्हणणं. पण कोंड्याचं हे कौतुक पचनापुरतं नव्हतं. मैदा, मांस, मसाले यांनी वासना चाळवतात, म्हणून भरड पाव खाऊन माणसाने देहाला लगाम घालावा, हा त्यामागचा हेतू. त्याने आरोग्याच्या नावाखाली संयम खपवला म्हणावं, तर ते अन्यायाचं होईल; त्याच्या लेखी दोन्ही एकच होतं.

त्याच्या नावाचं ग्रॅहम क्रॅकर हे बिस्किट आज साखर घालून करतात आणि चुरून, लोण्यात कालवून चीजकेकच्या तळाशी थापतात. वासनेने इतका खुसखुशीत सूड क्वचितच घेतला असेल.

हाच धागा पुढे जोहान्सबर्गमध्ये गांधींच्या घरात दिसतो. लुई कुने या जर्मन निसर्गोपचारकाच्या कृतीप्रमाणे तिथे यीस्टविना, कोंड्यासकट पिठाचा पाव होई. गिरणीचं पीठ त्याला चालेना, म्हणून गांधींनी सात पौंडांना हातजातं घेतलं. त्याचं लोखंडी चाक एकट्याला ओढवत नसे. ते स्वतः, त्यांचे मित्र पोलाक आणि मुलं मिळून दळत. कस्तुरबाही अधूनमधून हात लावत, पण दळणाची वेळ नेमकी स्वयंपाकाची. पुढे साबरमती आश्रमाच्या व्रतांत अस्वादव्रत आलं. जिभेसाठी नव्हे, औषध घ्यावं तसं देहापुरतं खावं, असा त्याचा अर्थ. हे व्रत घेतलेल्याने चॉकलेटचा केक तर खाऊ नयेच, पण नाचणीचा केक ‘छान लागतो’ म्हणून खाल्ला, तर तोही व्रतभंगच.

गांधी ज्या गीतेला प्रमाण मानत, ती मात्र इतकी कडक नाही. सतराव्या अध्यायातला सात्त्विक आहार रसाळ आणि स्निग्ध आहे. आयुष्य आणि बळ यांच्याबरोबर तो सुख आणि प्रीतीही वाढवतो. ताजा, तुपातला, मनाला भावणारा पदार्थ या वर्णनात सहज बसेल. परिमाणाची गोष्ट येते ती सहाव्या अध्यायात: अति खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. काय खावं आणि किती खावं, हे दोन प्रश्न गीतेने वेगळे ठेवले आहेत.

आजच्या घरगुती बेकिंगमध्ये नेमके हेच दोन एकमेकांत मिसळतात. मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ, बटरऐवजी केळं घातलं की ‘किती’ हा प्रश्न माफ होतो. एकादशी आणि दुप्पट खाशी! ओव्हनमध्ये टिन सरकवतानाच जणू प्रायश्चित्त उरकलेलं असतं.

पण गुळाला हे ओझं पेलत नाही. त्यातही मुख्यतः साखरच असते. लोह आणि इतर खनिजं असतात खरी, पण केकच्या एका तुकड्यातून ती पोटात जातात ती चिमूटभरच. मधाची गोष्ट आणखी गमतीची: चरकसंहितेला तापवलेला मध निषिद्ध आहे, आणि आयुर्वेदाचा दाखला देऊन केलेला हनी केक मात्र अर्धा तास भट्टीत असतो. नाचणीचं कौतुक त्यामानाने रास्त. १०० ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम, शिवाय भरपूर तंतू. मात्र तिच्यात ग्लूटेन नाही. नुसत्या नाचणीचा केक भुसभुशीत होऊन तुटतो, म्हणून निम्मी कणीक लागते. गुळातल्या आणि दह्यातल्या आम्लाने सोडा फुलतो, म्हणून केकमध्ये गूळ-दह्याची जोडी जमते. त्यात रसायन आहे, पुण्य नाही.

घटक बदलण्यात अर्थ नाही, असं मात्र नव्हे. दिवाळीतली नानकटाई वर्षानुवर्षं डालड्यात झाली. खाद्यतेलं आणि डालड्यासारखं वनस्पती तूप यांतल्या ट्रान्स फॅटवर भारतात २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली. त्यामागे हृदयविकाराचं कारण आहे, नीतीचं नाही. साजूक तूप वापरलं तर ती काळजी बरीच घटते, संपृक्त चरबी मात्र राहतेच. साखर पाव हिश्श्याने कमी केली तरी नानकटाई गोडच लागते. पसरते जरा कमी आणि रंग फिका येतो. घरातली वडीलधारी मंडळी पहिल्या घासाला कुरकुरतात. वेलची आणि जायफळ थोडं सढळ हाताने घातलं की बहुतेकांची कुरकुर थांबते.