सूर्य फुकट, उजेड उधार

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आजही सुमारे ६० कोटी माणसांकडे वीज नाही. त्यातली बहुसंख्य खेड्यांत राहतात. जगाच्या हवेत आजवर जो धूर साठला, त्यात या माणसांचा वाटा नगण्य आहे. त्यांना सौर वीज मिळावी, यावर सगळ्यांचे एकमत आहे. ती कोणत्या अटीवर मिळावी, हा प्रश्न मात्र आम्हाला अस्वस्थ करतो.

केनियात एम-कोपा या कंपनीने २०१२ साली एक योजना आणली. स्वाहिलीत ‘कोपा’ म्हणजे उसने घेणे. छपरावर सोलर पॅनेल, घरात दोन-तीन दिवे, मोबाइल चार्ज करण्याची सोय आणि रोजचा छोटा हप्ता. हप्ता चुकला की संच दुरूनच बंद होतो. रॉकेलच्या चिमणीपेक्षा हे बरे, यात शंका नाही. चिमणीचा धूर छातीत जातो आणि रॉकेल जन्मभर विकतच घ्यावे लागते. इथे हप्ते फिटले की संच घरचा होतो. कुलूप नसते तर गरिबाला एवढे उधार दिले कोणी असते, हा सवालही खोटा नाही.

पण ऊन छपरावर पडत असताना आत अंधार असावा, तोही चार दिवस मजुरी मिळाली नाही म्हणून? ज्याची कमाई हंगामावर, त्याचा हप्ता रोजचा, खोट इथे आहे. शेतकऱ्याकडून हप्ता सुगीला घेता येईल. बुडिताची जोखीम श्रीमंत देशांना उचलता येईल. ज्यांनी धूर केला त्यांच्यासाठी ती खैरात नाही, जुने देणे आहे.

शिवाय दोन दिव्यांवर गरिबाची बोळवण होऊ नये. त्याला विहिरीवर पंप हवा, गिरणी हवी, दवाखान्यात लशींसाठी फ्रिज हवा. आणि दुरुस्तीचे ज्ञान गावातच हवे. राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने आफ्रिकेतल्या अनेक अल्पशिक्षित आज्यांना सहा महिन्यांत सौर दिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकवली. भाषा एक नव्हती. खुणांवरून आणि रंगांवरून त्या शिकल्या. गावी परतल्या त्या स्वतःच्या हाताने दिवा लावायला.

किती घरांत उजेड पोचला, हे मोजले जाईलच. तो विझवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हेही आपण विचारायला हवे.