एका दिवसाचे तेल



हिवाळ्याच्या दिवसांत आपला प्रभू शलमोनाच्या देवडीत फिरत असता यरुशलेमात मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सण चालला होता, अशी नोंद योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. यहुदी लोक आजही तो सण हनुक्का या नावाने आठ दिवस पाळतात.

या सणात दिव्यांइतकाच मान तळलेल्या पदार्थांना असतो. पूर्व युरोपातील यहुदी घरांत बटाटा व कांदा किसून लाटके तळले जातात. इस्राएलात मुरंबा भरलेले सुफगानियोत, तर मोरोक्कोच्या यहुद्यांत स्फेंज नावाची गोल कडी तळतात. पदार्थ निरनिराळे, तेल मात्र सर्वत्र. कारण ते तेल साक्ष देते.

इ. स. पूर्व 167 मध्ये अंतियोख एपिफानेस राजाने मंदिर विटाळविले. 164 मध्ये यहूदा मक्काबी व त्याच्या सोबत्यांनी ते शुद्ध करून पुन्हा देवाला वाहिले. तालमूद सांगतो की, त्या वेळी मुख्य याजकाची मोहोर असलेली तेलाची एकच कुपी सापडली. तेल एका दिवसापुरते होते. दीप आठ दिवस तेवला.

सोळाव्या शतकातील यहुदी धर्मशास्त्री योसेफ कारो यांनी येथे एक मार्मिक प्रश्न विचारला: पहिल्या दिवसापुरते तेल तर होतेच, मग त्या दिवसाचा चमत्कार कोणता? उत्तरे अनेक दिली गेली. मला वाटते, उद्याची तरतूद नसतानाही त्यांनी दिवा लावला, हीच पहिल्या दिवसाची कृपा होय.

अल्पबळाची अशी निष्ठा आपल्या कोकणानेही पाहिली आहे. बेने इस्राएल लोक तेथे घाण्यावर तेल गाळीत. ते संख्येने थोडे होते. तरी शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणूनच शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्यांच्या श्रद्धेची ओळख त्या एका बंद घाण्याने राखली.

आपल्यापैकी कित्येक जण परप्रांतात चार-पाच कुटुंबांची मराठी उपासना चालवितात. पाळक नाही, पेटीवादक नाही, मुले मराठी विसरत चालली आहेत. ‘पुरेसे लोक जमल्यावर पाहू’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तेल पुरविणे हे देवाचे काम आहे. आहे तेवढ्यात दिवा लावणे हे आपले. लाटके तरी काय, गरिबाच्या घरच्या बटाट्याचेच. त्यातूनच सण उभा राहिला.

या रविवारी आपली कुपी रिकामी वाटली, तरी वात पेटवा. जगाचा प्रकाश जो ख्रिस्त, तो तुमच्या अल्पशा तेलाला आशीर्वाद देवो. आमेन.