टाचेतली माती

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी मिस्सेत बारा जणांचे पाय धुतात. त्या वर्षी बाबांचं नाव होतं. वसईतल्या आमच्या घरी आईने त्यांना दुपारीच न्हाणीत बसवलं. वाडीत शिंपण करून करून टाचांना भेगा पडलेल्या, त्यात माती मुरलेली. वजरीने घासूनही निघेना. "फादरांपुढे असले पाय कसे धरू?" बाबा कासावीस झाले.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकतो, तेव्हा पेत्रही असाच अडून बसतो. आपल्यापुढे वाकलेल्याच्या हाती पाय देणं फार जड जातं, दान करण्याहूनही. आधीच धुतलेले पाय पुढे केले तर विधी अर्धाच उरतो, असं मला मनापासून वाटतं. २०१३ साली पोप फ्रान्सिस रोमच्या कासाल देल मार्मो या बालसुधारगृहात गेले. तिथे त्यांनी ज्यांचे पाय धुतले त्या बारांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. २०१६ साली स्त्रियांना या विधीत रीतसर जागा मिळाली. आई तोवर गेली होती.

त्याच मिस्सेत गरिबांसाठीचं दानही वेदीकडे नेतात. बाबांचं नाव होतं त्या वर्षी आईने उपवासकाळात बाजूला काढलेले तांदूळ नेले.

फादरांनी पाणी ओतलं, पंचाने पाय टिपला, ओठ टेकवले. भेगेतली माती तशीच होती.