जीप किती उंच करावी?

अहिल्यानगर जिल्ह्यात दोन जगे नांदतात. पश्चिमेला अकोले तालुका: कळसूबाई, भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या वाटा आणि दगडगोट्यांचे ओढे. पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड: कमी पावसाची जमीन, पण काळ्या रानात एक सर पडली तरी चाक आसापर्यंत रुतते. जुनी महिंद्रा एमएम ५४० किंवा १९८५ साली आलेली मारुती जिप्सी बाळगणाऱ्याला अशा वाटांवर एक इच्छा हमखास होते. गाडी थोडी उचलून घ्यावी.

थोडी म्हणजे किती, हा प्रश्न वरवर गॅरेजमधला आहे. त्याच्या मुळाशी मात्र जुना धर्मप्रश्न आहे: माणसाने आपल्या इच्छेला माप कुठे घालावे? या प्रश्नाचा विचार याच जिल्ह्यात सातशे वर्षांपूर्वी फार खोलवर झाला. प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका पूर्ण केली. त्या गीतेचा संवादही दोन सैन्यांच्या मधोमध उभ्या केलेल्या रथावरच घडतो.

सहाव्या अध्यायात कृष्ण सांगतो की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. ज्ञानेश्वर तेच चालणे, बोलणे, निजणे यांना लावतात. साऱ्यांना माप हवे. या विचाराचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. संयम म्हणजे उपास नव्हे. ओढ्यात पोट टेकवून अडकणारी, पाटे बसलेली जीप तशीच रेटत राहणे हाही अतिरेकच आहे. गरज खरी असेल तर गाडी उचलण्यात काहीही वावगे नाही.

मग गरज मोजायची कशी? पहिली गोष्ट, वीस-तीस वर्षांच्या गाडीचे पाटे बसलेले असतात. त्यांची कमान सपाट होते, बुश झिजतात आणि गाडी मुळात होती त्याहून खाली येते. पाटे बदलले किंवा त्यांना पुन्हा नीट कमान दिली, की गाडी आपल्या मूळ उंचीवर परतते. पुष्कळ मालकांना हवी असलेली उंची एवढ्यातच मिळून जाते, कारण ती हरवलेली होती, कमी नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या जुन्या गाड्यांना पुढेमागे अखंड आस असतो आणि जमिनीला सर्वांत जवळ असतो तो त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. लिफ्टने, म्हणजे गाडी उचलून घेतल्याने, बॉडी आणि चासी वर जातात. तो गोळा जिथे होता तिथेच राहतो. त्याला वर नेतो फक्त मोठा टायर, तोही अर्ध्याच हिशेबाने: टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर गोळा एक इंच उचलला जातो. लिफ्टमुळे मोठ्या टायरला जागा मिळते, चाकाला वरखाली हालायला वाव मिळतो, चढाच्या तोंडाशी बंपर घासत नाही. हे फायदे खरेच आहेत. पण चार इंच चढवल्याने वाटेतला दगड चार इंच खाली जातो, अशी समजूत असेल तर ती साफ चुकीची आहे.

आणि प्रत्येक इंच काहीतरी मागतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, युनिव्हर्सल जॉइंट लवकर झिजतात, गाडी थरथरते. ब्रेकचे होज ताणले जातात. स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो आणि खड्ड्यात चाक दबले की गाडी आपोआप बाजूला ओढते. स्वस्तात काम व्हावे म्हणून पुढच्या पाट्यांना नुसते लांब शॅकल लावले, तर आसाचा कल बिघडतो आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होत नाही.

सर्वांत मोठी किंमत तोलाची. समजा दोन चाकांमधले अंतर ५० इंच आहे आणि गुरुत्वमध्य २५ इंचांवर. कागदावरच्या हिशेबाने ती गाडी ४५ अंशांच्या उतारावर आडवी उभी असताना कलंडेल. चार इंच लिफ्टने गुरुत्वमध्य तीनेक इंच वर गेला, तर तोच कोन ४२ अंशांवर येतो. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, वेग असतो, टपावर सामान असते. गाडी त्याच्या बरीच आधी उलटते. युद्धासाठी यंत्रे बनवणाऱ्यांनीही उंचीचा मोह टाळला आहे. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये टी-५५ रणगाड्याकडे पाहिले, की तो किती बुटका ठेवला आहे ते डोळ्यांनी दिसते. शत्रूला दिसू नये हे त्याचे मोठे कारण, पण बुटक्या यंत्राचा तोलही भक्कम राहतो.

मग हे माप ठरवायचे कधी? जैन गृहस्थांच्या अणुव्रतांमध्ये परिग्रह-परिमाण आहे. साधू सारेच सोडतो; संसारी माणूस आपल्या मालकीची मर्यादा स्वतः आखतो, आणि आधी आखतो. पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीत १९०० साली जन्मलेल्या आचार्य आनंदऋषींमुळे ही परंपरा नगरकरांच्या घराघरांत ओळखीची आहे. तिच्यातले 'आधी' फार मोलाचे आहे. गॅरेजमध्ये शेजारी सहा इंच उचललेली गाडी उभी असताना माप ठरवायला गेले तर ते ठरत नाही. वर्षातून किती दिवस कच्च्या वाटेवर जायचे, मागच्या बाकावर कोण बसणार, भरलेले वजन किती, हे घरी शांतपणे लिहून काढावे आणि मगच मिस्त्रीकडे जावे.

हा प्रश्न एकट्या मालकाचाही राहत नाही. घाटात समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराने ही जोखीम पत्करलेली नसते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ याच भूमिकेतून आले आहे: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम ठामपणे उचलून धरले. वाहनांच्या चाचणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत नाव असलेली व्हीआरडीई ही संरक्षण संशोधन संस्था नगरजवळच्या वाहननगरातच आहे. एकेका वाहनाला तिथे किती कसोट्यांतून जावे लागते हे ज्याला ठाऊक आहे, तो एका दुपारी चार इंच चढवून देणाऱ्याच्या शब्दावर घरची माणसे बसवणार नाही. आरटीओकडे आधी चौकशी करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे.

घाटघरच्या वाटेवर जाणाऱ्या जुन्या जीपला नवे पाटे, त्यांना साजेसे शॉकअप आणि फार तर दोन इंच पुरेसे आहेत. उरलेला पैसा ब्रेक, स्टिअरिंग आणि चासीला गेलेले तडे तपासण्यावर खर्च करावा.