विसरलेले नाणे कोणाचे?

करी रोडच्या या गिरणगावात घामाच्या रुपयाचे मोल निराळे सांगावयास नको. आमच्या कार्यालयातील नाणी मोजण्याच्या यंत्रावर दानपेटीतील नाणी मोजली जातात, तशीच शेजारचे दुकानदारही आपली चिल्लर मोजून घेतात. मागाहून एखादे नाणे यंत्राच्या कप्प्यात राहिलेले आढळते. ते कोणाचे?

दानपेटीतील असेल तर ते देवाचेच. कायद्यानेही देवतेस मालमत्ता धारण करण्याचा अधिकार मानला आहे. विश्वस्त केवळ राखणदार. दुकानदाराचे असेल, तर मात्र ‘देवाच्या दारी राहिले ते देवाला पोचले’ असे म्हणून पूर्वी आम्ही ते दानपेटीत टाकीत असू. ती चूक होती. धर्मशास्त्राप्रमाणे दान म्हणजे आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे. विसरण्यात तो संकल्प नसतो.

याज्ञवल्क्यस्मृतीने राजपुरुषांना सापडलेल्या वस्तूवर मूळ मालकाचा हक्क एक वर्ष राखला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७१ वे कलमही दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी टाकते. बँकांतील दहा वर्षे बेवारस राहिलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तरी ठेवीदाराचा हक्क बुडत नाही.

म्हणून आता प्रत्येक मोजणीनंतर यंत्र उघडून पाहिले जाते व राहिलेले नाणे तारीख घालून वेगळे ठेवले जाते. आपले नाणे राहिले असल्यास, ते एका रुपयाचे का असेना, निःसंकोचपणे मागावे. परत घेतल्यावर ते देवास वाहावे की नाही, हे आपण ठरवावे. तेच खरे दान.

— कार्यवाह