शंकासमाधान : आत्याची खुशाली

शंका : सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात एका कुटुंबाची वृद्ध आत्या राहते. भावाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर तिच्याकडचे जाणे-येणे थांबले. आता भाऊ हयात नाही. त्याच्या मुलांनी तिला पत्र लिहावे काय? लिहायचे तर आधी प्रार्थना की घरची बातमी?

समाधान : लिहावे, आणि आधी खुशाली लिहावी. या क्रमाला शास्त्राचा आधार आहे. निर्गमाच्या 18व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो मोशेची बायको आणि दोन्ही मुलगे यांना घेऊन रानात येतो. इथ्रो मिद्यानाचा याजक, म्हणजे त्याच्या उपासनेची परंपरा वेगळी. तरी एवढ्या मोठ्या समुदायाचा पुढारी असलेला मोशे स्वतः सामोरा जातो, वाकून नमन करतो, चुंबन घेतो. दोघे एकमेकांचे क्षेमकुशल विचारतात आणि मग तंबूत जातात. परमेश्वराने काय केले, ते मोशे तंबूत गेल्यावर सांगतो, आणि सांगताना वाटेतले हालही लपवत नाही. घरातल्या अडचणी गाळून केवळ आशीर्वादांची यादी पाठवणाऱ्यांनी या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. सुखदुःख दोन्ही कळले तरच म्हाताऱ्या माणसाला आपण घरातले वाटतो.

शंका : मायन्यात ‘तीर्थस्वरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’ लिहिणे विश्वासणाऱ्याला योग्य आहे काय?

समाधान : वडीलधाऱ्यांना केलेले नमन आणि देवाची उपासना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मोशेच्या वागण्यातून एवढे स्पष्ट होते. ज्याचे मन ‘तीर्थ’ या शब्दाला अडखळते त्याने ‘आदरणीय आत्यास सप्रेम नमस्कार’ लिहावे. मंडळीत एकमेकांना ‘सलाम’ म्हणण्याची सवय असली, तरी आत्याला तिच्या ओळखीचाच शब्द लिहिणे बरे.

शंका : पत्रात नेमके काय लिहावे, काय टाळावे?

समाधान : बहुधा आत्या पत्र स्वतः वाचणार नाही. नातू किंवा शेजारची मुलगी ते मोठ्याने वाचून दाखवील. म्हणून वाक्ये लहान आणि अक्षर ठळक असावे, आणि चारचौघांत वाचले तर तिला संकोच होईल असे काही त्यात नसावे. मुलांची शाळेतली नावे तिला ठाऊक नसतात. ‘दादाचा थोरला, ज्याला लहानपणी तुम्ही खेळवले तो’ असे लिहिले की ओळख पटते. कोण कुठे नोकरीला आहे, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचा चेहरा आजोबांवर गेला आहे, हे सविस्तर लिहावे. भावाच्या मृत्यूची बातमी तिला कळलेली नसेल तर ती पत्रातून कळवू नये. कोणीतरी समोर बसून सांगावी.

जमिनीचा विषय पहिल्या पत्रात मुळीच काढू नये. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी धरणे झाली, जमिनी पाण्याखाली गेल्या आणि मावेज्याच्या गोष्टी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी पत्र आले की ‘सातबाऱ्यासाठी आठवण झाली असेल’ अशी शंका गावात कोणाला तरी येतेच, आणि ती खरी ठरली तर प्रार्थनेच्या ओळीही खोट्या वाटू लागतात.

एक साधी गोष्ट पत्त्याची. घरातल्या जुन्या पाकिटांवर ‘जिल्हा परभणी’ असेल. 1 मे 1999 पासून हिंगोली वेगळा जिल्हा झाला. सिद्धेश्वर धरणाचा औंढा नागनाथ तालुका आता त्यात आहे.

शंका : मग विश्वासाविषयी बोलायचेच नाही काय?

समाधान : बोलायचे, पण खुशालीच्या आडून उपदेश करायचा नाही. ‘आम्ही रात्री प्रार्थनेत तुमचे नाव घेतो’ हे वाक्य पुरेसे आहे, मात्र नाव खरोखर घेतले जात असले तरच ते लिहावे. महाराष्ट्रात या बाबतीत टिळक दांपत्याचे उदाहरण मोलाचे आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895मध्ये झाला. लक्ष्मीबाई काही वर्षे नातलगांकडे वेगळ्या राहिल्या. पुढे दोघे एकत्र आले, तरी लक्ष्मीबाईंनी लगेच धर्म बदलला नाही. त्यांचा बाप्तिस्मा 1900मध्ये झाला, तोही स्वतःच्या विचाराने. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला दिसते की संसार आधी जुळला, श्रद्धा मागाहून आली. आत्याच्या बाबतीत ती कधी येणारही नाही. तरी तिला विचारलेली खुशाली वाया जात नाही, कारण आईबापांचा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा सांभाळ ही शास्त्राची आज्ञा आहे आणि तिला समोरच्याच्या धर्माची अट नाही.

शंका : उत्तर आले नाही तर?

समाधान : महिनाभर थांबून पुन्हा लिहावे, आणि तिसऱ्या वेळी स्वतः जावे. पौलाने कलस्सैकरांना पत्र लिहिले, पण स्वतःची हकिगत तुखिकाच्या तोंडी पाठवली. ती तो समक्ष सांगेल एवढेच पत्रात कळवले. कागदावर न मावणारे बरेच काही असते. जाताना सोबत एखादे लहान मूल आणि भावाचा जुना फोटो न्यावा. घरात देव्हारा असेल, आरती चालू असेल, तर बाहेर ओसरीवर शांत बसावे. आत्या बोलू लागली की जुने राग निघतील. भावाने लग्नाला बोलावले नाही, आजारपणात कोणी फिरकले नाही, असे ती म्हणेल. खुलासे न करता ते ऐकून घ्यावे, आणि जिथे चूक झाली असेल तिथे भावाच्या वतीने क्षमा मागावी. तिने काही सल्ला दिला तर तोही मनावर घ्यावा. लोकांचे न्यायनिवाडे एकट्याने करू नयेत, हे मोशेला इथ्रोनेच शिकवले आणि मोशेने ते मानले. त्यानंतर इथ्रो आपल्या देशाला परत गेला आणि मोशेने त्याला निरोप दिला.